दोन टाक्या, साठ डॅफ्निया: प्रयोग-एकक चुकल्याचे एक प्रकरण

एका विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचे आठ महिन्यांचे काम प्रगती-अहवालाच्या बैठकीत एका प्रश्नापाशी येऊन थांबले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची मांडणी शांतपणे ऐकून घेतली, आलेख असलेली पट्टी पुन्हा पडद्यावर आणायला सांगितली आणि विचारले, "टाक्या किती होत्या?" तिने उत्तर दिले, "दोन. एक साध्या पाण्याची, एक क्षाराची." परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले आणि पुढचे काही विचारले नाही. खोलीतल्या बहुतेकांना त्या दोन वाक्यांत काय घडले ते कळले नाही. मला कळले, कारण मी त्या कामाची सहमार्गदर्शक होते आणि प्रयोगाच्या आराखड्यावर माझी सही होती.

विद्यार्थिनीची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण येथे मांडत आहे. त्यात कोणी खोटी आकडेवारी दिलेली नाही, कोणी आळस केलेला नाही, मोजमापेही काळजीपूर्वक घेतलेली आहेत. चूक मोजमापाच्या आधीची होती आणि जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्यावर किंवा पेशींवर काम करताना, ती तितक्याच सहज होऊ शकते.

प्रश्न आणि प्राणी

गोड्या पाण्याचे साठे हळूहळू खारट होत जाणे ही जगभर अभ्यासली जाणारी समस्या आहे. सिंचनाचे परत वाहून येणारे पाणी, खाणींतून सोडलेले पाणी, थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ आणि किनाऱ्यालगत आत शिरणारे समुद्राचे पाणी अशी त्याची अनेक कारणे आहेत. मासे मरतील इतका क्षार वाढण्याच्या कितीतरी आधी पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांवर त्याचा ताण येऊ लागतो, आणि हा ताण मृत्यूच्या रूपात न दिसता वाढ व प्रजनन यांतील बदलांच्या रूपात दिसतो. विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता: जिवाला धोका नसलेल्या क्षारतेत डॅफ्निया मॅग्ना या पाणपिसवेची वाढ आणि प्रजनन यांवर काय परिणाम होतो?

प्राण्याची निवड चांगली होती. डॅफ्निया एकपेशीय शैवाल गाळून खाते आणि स्वतः लहान माशांचे खाद्य बनते, त्यामुळे तळ्याच्या अन्नसाखळीत तिची जागा मधल्या दुव्याची असते. तिचे कवच पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारे हृदय, आतड्यातील हिरवे शैवाल आणि पाठीकडच्या पोकळीत वाढणारी अंडी हे सारे जिवंत प्राण्याला इजा न करता पाहता येते. परिस्थिती अनुकूल असेपर्यंत माद्या नराशिवायच माद्यांना जन्म देतात, म्हणून एका मादीपासून वाढवलेली सगळी पैदास जनुकीयदृष्ट्या एकसारखी असते. गर्दी झाली, अन्न कमी पडले किंवा दिवस लहान झाले की नर जन्मतात आणि कठीण कवचाची विश्रांतीची अंडी घातली जातात. याच वंशातील डॅफ्निया प्युलेक्स या प्रजातीचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ३०,००० हून अधिक जनुके नोंदवली गेली. इतक्या लहान जनुकसंचात इतकी जनुके हे त्या वेळी आश्चर्याचे ठरले होते.

विषविज्ञानात हा प्राणी जुना आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २११ क्रमांकाची मार्गदर्शिका डॅफ्नियाच्या प्रजननावरील चाचणी कशी करावी ते बारकाईने सांगते. चाचणीचा कालावधी २१ दिवसांचा असतो, तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास, प्रकाश १६ तास, सुरुवातीची पिल्ले २४ तासांपेक्षा कमी वयाची, आणि प्रत्येक संहतीसाठी (पदार्थाच्या पाण्यातील प्रत्येक प्रमाणासाठी) किमान १० प्राणी, प्रत्येक प्राणी स्वतंत्र पात्रात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण आम्ही मार्गदर्शिकेतील बाकी सारे घेतले आणि तेवढे सोडले.

पहिला प्रयोग

सोडण्यामागे व्यवहाराचे कारण होते. इतके स्वतंत्र बीकर ठेवायला जागा अपुरी होती, आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकातले पाणी बदलायचे म्हणजे तासन्‌तास जाणार होते, आणि एकटी विद्यार्थिनी हे कसे करणार असा प्रश्न होता. त्याऐवजी प्रत्येकी ३ लिटरच्या दोन काचेच्या टाक्या घेतल्या. एकीत साधे माध्यम (प्राणी वाढवण्यासाठी तयार केलेले पाणी), दुसरीत त्याच माध्यमात लिटरला ३ ग्रॅम सोडियम क्लोराइड. प्रत्येक टाकीत ३० पिल्ले, म्हणजे दर प्राण्यामागे १०० मिलिलिटर पाणी. दोन्ही टाक्या एकाच तापमान-नियंत्रित कपाटात ठेवल्या. आराखड्यात "एन = ३०", म्हणजे प्रत्येक गटात तीस स्वतंत्र नमुने, असे लिहिलेले होते आणि मी ते वाचून सही केली. त्या दिवशी मला ती संख्या पुरेशी, किंबहुना भरघोस वाटली होती.

एकविसाव्या दिवशी साध्या पाण्यात २९ आणि क्षारात २७ माद्या जिवंत होत्या. विद्यार्थिनीने प्रत्येक मादी काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात घेऊन डोळ्याच्या वरच्या कडेपासून शेपटीच्या काट्याच्या मुळापर्यंतची लांबी मोजली, आणि दुसऱ्या दिवशी दहा माद्या पुन्हा मोजून आपले मोजमाप किती स्थिर आहे हेही तपासले. क्षारातील माद्या सरासरीने स्पष्टपणे आखूड होत्या. दोन गटांच्या सरासऱ्या ताडून पाहणाऱ्या टी-चाचणीत डिग्री ऑफ फ्रीडम (तफावत मोजायला उरणाऱ्या स्वतंत्र मोजमापांची संख्या) ५४ आल्या आणि पी-मूल्य (खरा फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ हून कमी. पिल्लांचा हिशेब मात्र एकूण पिल्ले भागिले जिवंत माद्या असाच करता आला, कारण टाकीत कोणते पिल्लू कोणत्या मादीचे हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्या सरासरीत दोन्ही टाक्या जवळपास सारख्या निघाल्या.

यातून एक देखणी मांडणी तयार झाली: सौम्य क्षारतेत डॅफ्निया आपली शारीरिक वाढ आखडती घेते, पण प्रजननाला झळ लागू देत नाही, ऊर्जा वाढीकडून अपत्यांकडे वळवते. जीवनेतिहासाच्या, म्हणजे प्राणी आपली ऊर्जा वाढ आणि प्रजनन यांत कशी वाटतो याच्या, सिद्धांतात अशा वाटपाला आधार आहे, त्यामुळे ती मांडणी आम्हा सर्वांना पटली. परिषदेसाठी गोषवारा गेला, तो स्वीकारला गेला. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा तयार झाला. आणि मग ती बैठक आली.

एन नेमका कशाचा?

बैठकीनंतर विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. तिचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, मोजमापे तर छप्पन्न आहेत. मग एन दोन कसा?"

उत्तर असे आहे. क्षार कोणाला दिला गेला? प्रत्येक डॅफ्नियाला वेगळा दिला गेला नाही. तो एका टाकीला, एकदाच दिला गेला. टाकीत असलेल्या तीसही प्राण्यांना ते पाणी एकत्रच मिळाले, आणि त्या पाण्याबरोबर त्या टाकीचे बाकी सारे नशीबही एकत्रच मिळाले: कपाटातील जागा, प्रकाश, काचेवर चढलेले शैवाल, त्या दिवशी जरा जास्त किंवा कमी पडलेले खाद्य, आणि एकमेकांची गर्दी. एक मादी मेली की उरलेल्यांना खाद्य जास्त मिळते, म्हणजे त्यांची मोजमापे एकमेकांपासून स्वतंत्रही राहत नाहीत. ज्या वस्तूला प्रक्रिया स्वतंत्रपणे आणि यदृच्छेने (चिठ्ठी टाकल्यासारखी, स्वतः निवड न करता) दिली जाते ती वस्तू म्हणजे प्रयोग-एकक. आमच्या प्रयोगात ते एकक टाकी होती. प्रत्येक गटात एकक एक, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम एक अधिक एक वजा दोन, म्हणजे शून्य. छप्पन्न मोजमापांनी आम्हाला एवढेच खात्रीने सांगितले होते की या दोन विशिष्ट टाक्यांतील प्राण्यांची लांबी वेगवेगळी आहे. तो फरक क्षारामुळे आहे की टाकीमुळे, हे त्या आकड्यांतून कोणत्याही सूत्राने बाहेर काढता येत नाही.

या चुकीला नाव आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स' या नियतकालिकात तिला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटले. मराठीत छद्म-पुनरावृत्ती म्हणता येईल. त्यांनी परिस्थितिकीतील १७६ प्रयोग तपासले. त्यांतील २७ टक्के प्रयोगांत ही चूक होती, आणि ज्या प्रयोगांनी निष्कर्षासाठी सांख्यिकी चाचणी वापरली होती तेवढेच धरले तर प्रमाण ४८ टक्के भरले. म्हणजे समीक्षेतून पार पडून छापल्या गेलेल्या, चाचणी लावलेल्या प्रयोगांपैकी जवळपास निम्म्यांत ही चूक होती. हा आकडा मी विद्यार्थिनीला धीर द्यायला सांगितला नाही. ही चूक दिसत का नाही हे समजून घ्यायला सांगितला.

चुकीची मुळे शेतीच्या प्रयोगांत सहज दिसतात. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. तो अमूल्य आहे, पण त्याच्या आरंभी प्रत्येक खताला जमिनीचा एकच लांब पट्टा दिला होता. एका पट्ट्यात गहू जास्त आला तर ते खताचे श्रेय की त्या मातीचे? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये तेथे दाखल झाले आणि त्यांच्यासमोर हीच जुनी आकडेवारी आली. पुढे त्यांनी खतांची पट्ट्यांना वाटणी यदृच्छेने करावी, प्रत्येक खत अनेक पट्ट्यांना द्यावे, आणि जमिनीचा पोत ज्या दिशेने बदलतो त्या दिशेने शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात सर्व खते ठेवावीत ही रीत घालून दिली. एका पट्ट्यातील हजार लोंब्या मोजून मातीचा प्रश्न सुटत नाही हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र टाक्या दिसायला एकसारख्या असतात, म्हणून तेथेही 'माती' वेगळी असेल असे मनात येत नाही.

हेच रूप इतर शाखांत वेगवेगळ्या वेषांत भेटते. एकाच फ्लास्कमधून एकाच दिवशी काढलेल्या पेशी प्रयोगाच्या ताटलीतील तीन खाचांत घालून औषध दिले तर तो 'एन = ३' होत नाही; तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या पेशींवर केलेली तीन स्वतंत्र मांडणी म्हणजे तीन. एकाच आरएनए नमुन्याचे पीसीआर (जनुकीय रेणूंच्या प्रती काढून ते मोजण्याची चाचणी) तीनदा लावले तर पिपेटची अचूकता कळते, प्राण्यांतील तफावत नव्हे. गरोदर उंदरीला औषध देऊन तिची दहा पिल्ले मोजली तर एकक ती माता असते. तीन उंदरांच्या मेंदूंतील दोनशे चेतापेशी मोजल्या तरी उंदीर तीनच राहतात.

टाक्यांत काय वेगळे होते?

हे सर्व समजल्यावर विद्यार्थिनीने जे केले त्याचा मला आजही मनापासून अभिमान वाटतो. तिने वाद घातला नाही आणि लगेच नवा प्रयोगही मांडला नाही. तिने चार टाक्या घेतल्या, चारहींत साधेच माध्यम भरले, क्षार कोठेच घातला नाही, आणि पहिल्या वेळेप्रमाणेच ३०-३० पिल्ले सोडून त्याच कपाटात ठेवल्या. चार टाक्यांच्या सहा जोड्या होतात. तिने प्रत्येक जोडीला तीच टी-चाचणी लावली, एन तीस धरून. एकाहून अधिक जोड्यांत फरक "लक्षणीय" आला. ज्या टाक्यांत काहीच वेगळे केले नव्हते त्यांच्यात आमच्या पद्धतीने परिणाम सापडत होता. तो कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा स्पष्टीकरणाची गरज उरली नव्हती.

मग कारणे शोधायला सुरुवात झाली. तिने प्रत्येक टाकीत स्वतंत्र तापमापी सोडली. कपाटाच्या बाहेरील पडद्यावर २० अंश दिसत होते आणि ते संवेदकाच्या जागेपुरते खरेही होते. पण वरच्या फळीवर, दिव्यांच्या नळ्यांजवळ, पाणी दिवसा खालच्या फळीपेक्षा एका अंशाहून थोडे अधिक गरम होत होते. पहिल्या प्रयोगात क्षाराची टाकी वर होती. त्याचे कारण इतकेच की क्षाराच्या द्रावणाची बाटली वर ठेवलेली होती आणि टाकी तिच्याशेजारी ठेवणे सोयीचे होते. आता, थंड रक्ताच्या बहुसंख्य प्राण्यांत ऊबदार तापमानात वाढलेले जीव लवकर वयात येतात आणि प्रौढपणी आकाराने लहान राहतात. तापमान-आकार नियम म्हणून ही गोष्ट ओळखली जाते आणि डॅफ्निया त्याला अपवाद नाही. म्हणजे क्षारातील माद्यांचे आखूड असणे, जे आमच्या मांडणीचे मुख्य बळ होते, ते निदान काही अंशी फळीचे काम असू शकत होते. शिवाय उबेत पिल्ले लवकर आणि जास्त वेळा येतात. क्षाराने प्रजनन कमी केले असेल तर उबेने ते भरून काढून परिणाम झाकला असण्याची शक्यता होती. एकाच चुकीने एक परिणाम फुगवला आणि दुसरा लपवला असावा, हा विचार अस्वस्थ करणारा होता.

दुसरे कारण खाद्याच्या बाटलीत सापडले. शैवाल पाण्यात विरघळलेले नसते, तरंगत असते, आणि बाटली ठेवल्या ठेवल्या खाली बसू लागते. विद्यार्थिनी रोज बाटली हलवून घेई, आधी साध्या पाण्याच्या टाकीला खाद्य देई, मग क्षाराच्या. दोन्हींच्या मध्ये तापमान लिहिणे, झाकण ठेवणे यांत काही मिनिटे जात. तेवढ्यात शैवाल बसत असे, आणि पिपेट बाटलीच्या तळाशी टेकत असल्याने दुसऱ्या टाकीला दाट खाद्य मिळत असे. तिने एका पारदर्शक नळीत तेच शैवाल घेऊन उजेडासमोर धरले. दहा मिनिटांत वरचा थर फिका आणि तळ गडद झालेला दिसला.

तिसरे कारण मला सर्वांत सूक्ष्म वाटते. पिल्ले टाकीत सोडताना ती रुंद तोंडाच्या पिपेटने एकेक उचलली जातात. हाताला आधी सापडतात ती संथ पोहणारी. पहिली तीस एका टाकीत आणि नंतरची तीस दुसरीत घातली, तर प्रयोग सुरू होण्याच्या क्षणीच दोन गट सारखे राहत नाहीत. त्यात भर म्हणजे पहिल्या दिवशी आधी पिल्ले दिलेल्या मातांची पिल्ले पहिल्या टाकीत आणि उशिरा देणाऱ्यांची दुसरीत गेली होती.

यांपैकी नेमके कोणते कारण किती जबाबदार होते ते आता ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही नाही. प्रत्येक टाकीत अशी दहा कारणे असतात. त्यांतली काही सापडतात, बरीच सापडत नाहीत. यादृच्छिक वाटणी आणि खरी पुनरावृत्ती यांचे सामर्थ्य याच गोष्टीत आहे की न सापडलेल्या कारणांनाही त्या सामावून घेतात.

आकडेवारी वाचवता आली असती का?

विभागातल्या एका सहकाऱ्याने सुचवले की मिश्र-परिणाम प्रारूप (एकाच टाकीतील मोजमापांचे परस्परनाते हिशेबात धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरून टाकीला यादृच्छिक घटक धरावे. हे सुचवणे चांगल्या हेतूचे होते आणि पुष्कळ प्रसंगी योग्यही असते. प्रत्येक गटात पाच-सहा टाक्या असत्या तर त्याच मार्गाने टाकीतील आणि टाक्यांमधील तफावत वेगळी करता आली असती, आणि प्रत्येक टाकीची सरासरी हे एक मोजमाप धरून साधी टी-चाचणीही चालली असती. पण गटात टाकी एकच असेल तर टाक्यांमधील तफावत मोजायला काहीच उरत नाही; क्षार आणि टाकी ही एकाच गोष्टीची दोन नावे होतात. संगणक अशा वेळी एखादा आकडा छापूनही देतो, म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

जुन्या आकडेवारीचा उपयोग मात्र झाला. टाकीच्या आत प्राण्यांत किती तफावत असते, कोणत्या दिवशी पहिली पिल्ले येतात, ३ ग्रॅम क्षारात किती माद्या टिकतात, मोजमापाची चूक किती असते, हे सारे तिच्याजवळ होते. पूर्वप्रयोगाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

दुसरा प्रयोग

नवा आराखडा करताना आम्ही मार्गदर्शिकेतले सोडलेले वाक्य परत घेतले: एक प्राणी, एक बीकर. संख्या ठरवताना आधी विचारले की किती मोठा फरक आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गटांच्या सरासऱ्यांत एका प्रमाण विचलनाएवढा (मोजमापे सरासरीभोवती किती पसरली आहेत त्या मापाएवढा) फरक असेल, तर तो पाच टक्के पातळीवर ८० टक्के संधीने सापडण्यासाठी दोन गटांच्या तुलनेत प्रत्येकी १७ एकके लागतात. निम्मा फरक शोधायचा तर ती संख्या ६४ वर जाते. फरक निम्मा झाला की काम जवळजवळ चौपट होते, हे एकदा कागदावर करून पाहिले की कोणता प्रश्न आपल्या आवाक्यात आहे ते समजते. आम्ही प्रत्येक गटात १८ बीकर ठरवले: साधे माध्यम, लिटरला १.५ ग्रॅम आणि लिटरला ३ ग्रॅम क्षार. एकूण ५४ बीकर.

हे बीकर सहा ट्रेंमध्ये विभागले, प्रत्येक ट्रेमध्ये नऊ, म्हणजे तिन्ही गटांचे तीन-तीन. ट्रेमधील जागा यादृच्छिक आकड्यांनी ठरवल्या. दोन ट्रे वरच्या फळीवर, दोन मधल्या, दोन खालच्या. फळीचा फरक आता तिन्ही गटांना सारखाच भोगावा लागणार होता आणि विश्लेषणात वेगळा काढता येणार होता. प्रत्येक मातेची पिल्ले तिन्ही गटांत सारखी वाटली. बीकरवर फक्त क्रमांक होता. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा याची यादी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे बंद पाकिटात होती, म्हणून पिल्ले मोजताना आणि लांबी घेताना तिला गट माहीत नव्हता. खाद्य देताना बाटली चुंबकीय ढवळणीवर फिरती ठेवली, आणि बीकरांचा क्रम रोज बदलला.

काम जड होते. रोज सकाळी प्रत्येक बीकर उजेडात धरायचा, आईला रुंद पिपेटने हलकेच बाजूला घ्यायचे, खसखशीच्या दाण्यांसारखी धडपडणारी पिल्ले एकेक मोजून काढायची, वहीत क्रमांकासमोर आकडा लिहायचा. चोपन्न बीकरांना रोज तीन तास लागत; पाणी बदलण्याच्या दिवशी पाच.

बाराव्या दिवशी अपघात झाला. मधल्या फळीवरील एक ट्रे बाहेर काढताना कलला, बीकर एकमेकांवर आदळले आणि काहींतले पाणी शेजारच्यांत मिसळले. पूर्वीच्या मांडणीत एक टाकी गेली असती तर अख्खा गट गेला असता. येथे संपूर्ण ट्रे बाद करता आला, कारण त्यात तिन्ही गटांचे तीन-तीन बीकर होते. उरलेल्या ४५ बीकरांत प्रत्येक गटाचे १५ राहिले आणि तोल ढळला नाही. ठरवलेल्या संख्येहून ते कमी होते, आणि प्रबंधात तसे लिहिले आहे.

एकविसाव्या दिवशी आधी साध्या पाण्यातील माद्या तपासल्या. मार्गदर्शिकेनुसार चाचणी वैध ठरण्यासाठी नियंत्रण गटातील मृत्यू २० टक्क्यांहून अधिक नसावेत आणि जिवंत मातेमागे सरासरी किमान ६० पिल्ले यावीत. दोन्ही अटी पूर्ण झाल्या. पहिल्या प्रयोगात दुसरी अट मातेगणिक तपासण्याचीच सोय नव्हती.

मग पाकीट उघडले. लांबीतला फरक इतका आक्रसला होता की त्याच्या विश्वास-मर्यादेत, म्हणजे खरा फरक जेथे असू शकतो त्या पट्ट्यात, शून्य येत होते. ३ ग्रॅम क्षारातील माद्या किंचित आखूड असतीलही, पण तसे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नव्हता. पिल्लांच्या संख्येतला फरक मात्र पाचही ट्रेंमध्ये एकाच दिशेने होता: ३ ग्रॅम क्षारात प्रत्येक मातेमागे पिल्ले कमी, आणि पहिली खेप उशिरा. १.५ ग्रॅमचा गट साध्या पाण्यापासून वेगळा काढता आला नाही. आमची पहिली मांडणी, वाढ आखडते आणि प्रजनन टिकते, ही जवळजवळ उलटी झाली. फळीचा परिणामही विश्लेषणात स्वच्छ दिसला: वरच्या फळीवरच्या माद्या, गट कोणताही असो, लवकर व्यायल्या.

या निष्कर्षालाही सीमा आहे. सर्व माद्या एकाच मूळ मादीच्या वंशातल्या होत्या. त्यामुळे पंधरा बीकर ही पंधरा स्वतंत्र एकके असली तरी ती एकाच जनुकीय वंशाविषयी बोलतात. डॅफ्निया मॅग्ना या संपूर्ण प्रजातीविषयी बोलायचे तर वेगवेगळ्या तळ्यांतले अनेक वंश लागतील, आणि तेव्हा एन म्हणजे वंशांची संख्या असेल. हे तिने स्वतः लिहिले, कोणी न विचारता. आठ महिन्यांपूर्वी "एन दोन कसा?" असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातून ते वाक्य उतरलेले पाहून मी बराच वेळ मसुदा पुढे वाचू शकले नाही.

त्यानंतर

परिषदेच्या आयोजकांना तिने पत्र लिहून आधीचा गोषवारा मागे घेतला आणि कारण दिले. ते पत्र पाठवणे तिला जड गेले. सहलेखकांत माझे नाव होते, म्हणून पत्रावर मीही सही केली.

विभागात मी एकच आग्रह धरला. जैवसांख्यिकीच्या तासाला आपण टी-चाचणीचे सूत्र शिकवतो, तेव्हा गणितात आकडे छापून दिलेले असतात आणि एन त्यांबरोबर आयता मिळतो. तो कोठून आला हे कोणी विचारत नाही, परीक्षेतही नाही. प्रत्यक्षात सांख्यिकीतला सर्वांत जीवशास्त्रीय प्रश्न तोच आहे, कारण त्याचे उत्तर पाणी, माती, आई, पिंजरा आणि फ्लास्क यांच्याकडे पाहूनच देता येते. आता प्रात्यक्षिकाच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना आकडे देत नाही. एका प्रयोगाचे वर्णन देतो आणि एकक कोणते ते ओळखायला सांगतो. संशोधन-आराखड्याच्या अर्जात नमुन्याच्या संख्येआधी एक रकाना वाढवला आहे: प्रक्रिया कोणत्या वस्तूला स्वतंत्रपणे दिली जाणार आहे आणि तिच्या वाटणीचा क्रम कसा ठरवला जाईल. मार्गदर्शकाची सही त्या रकान्याखाली घेतली जाते.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात दोन्ही प्रयोग आहेत. पहिला वगळावा असे काही जणांनी सुचवले होते. विद्यार्थिनीने तो ठेवला, चार साध्या टाक्यांच्या तुलनेसह, आणि त्याच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिले: प्रत्येक गटातील टाक्यांची संख्या, एक.